दिवे गेले? सुगंधी मेणबत्ती लावा!

आगरदांडा हे मुरूड तालुक्यातलं, राजपुरी खाडीच्या काठावरचं गाव. पलीकडच्या काठाला दिघी. मधल्या पाण्यातून फेरीबोट माणसं आणि गाड्या नेत-आणत असते. पण वारा-पाऊस सुरू झाला की दिवे कधी जातील, ते सांगता येत नाही! ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा नारळी-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. कितीतरी गावांनी अनेक रात्री अंधारात काढल्या.

अशा वेळी घरात मेणबत्त्या हव्याच. त्या आपणच करून ठेवल्या तर? आणि त्यांना छानसा वासही असला तर? पूर्वी कोकणात उंडीच्या बियांचं कडू तेल दिव्यात जाळत. उजेड मिळे, पण वास उग्र! आपण तसं करायचं नाही.

साहित्य : पॅराफिन मेण २०० ग्रॅम (उरलेल्या पांढऱ्या मेणबत्त्यांचे तुकडेही चालतील), जाडसर सुती दोरा, एक पातेलं आणि त्यात बसेल असा लहान डबा, स्टीलचे दोन लहान पेले, खराट्यातले दोन हीर, दोन छोटे लोखंडी वॉशर आणि गवती चहाचं किंवा निलगिरीचं तेल एक छोटा चमचा.

कृती : मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय सुरुवात करायची नाही, बरं का!

१. दोऱ्याचे तीन पदर वेणीसारखे विणा. ही झाली वात. जाळ्याचा नायलॉन दोरा घरात भरपूर असेल, पण तो घेऊ नका. तो मेण शोषून घेत नाही, नुसता वितळतो.

२. पातेल्यात पाणी तापवा आणि त्यात मेणाचा डबा ठेवा. मेण थेट गॅसवर कधीच ठेवायचं नाही. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेणही भलतंच तापत नाही. मेणाला वितळायला साधारण ६० अंश पुरतात.

३. वात मेणात बुडवून ताठ करा. एका टोकाला वॉशर बांधा, दुसरं टोक हिराला. हीर पेल्यावर आडवा ठेवला की वात मधोमध सरळ उभी राहते.

४. गॅस बंद करा. डबा बाहेर काढून दोन-तीन मिनिटं थांबा आणि मगच तेल घालून हळूहळू ढवळा. घाई केलीत तर अर्धा वास स्वयंपाकघरातच उडून जाईल! जास्त तेलही नको, ते मेणात न मुरता वर सुटतं.

५. मेण पेल्यांत ओता, थोडं मागे ठेवा. निवताना मेण आकसतं आणि वातीजवळ खळगा पडतो. तो उरलेल्या मेणानं भरा. दुसऱ्या दिवशी वात पाव इंच ठेवून कापा.

तुम्ही म्हणाल, अंगणात सोनचाफा आहे, मग त्याच्याच पाकळ्या का नाही घालायच्या? कारण ओल्या पाकळीतलं पाणी मेणात मिसळत नाही, ज्योत तडतडते. वाळकी पाकळी तर स्वतःच पेट घेते. स्पिरिट असलेलं सेंटही नको, ते भडकतं. करवंटीतली मेणबत्ती दिसते झकास, पण करवंटीही जळते. पेलाच बरा!

आता गंमत पाहा. ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळतं, वातीतून वर चढतं आणि त्याची वाफ होऊन ती वाफ जळते. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञानं १८६०-६१ च्या नाताळात लंडनमध्ये मुलांसाठी फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती! सुगंध मात्र मुख्यतः ज्योतीभोवतीच्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून येतो. म्हणून मेणबत्ती लावल्या लावल्या वास येत नाही. जरा धीर धरावा लागतो.

महाबळेश्वरच्या भावेश भाटिया यांची दृष्टी तरुणपणी गेली. मुंबईच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये ते मेणबत्त्या करायला शिकले, महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर त्या विकू लागले आणि पुढे त्यांनी ‘सनराइज कँडल्स’ उभी केली. तिथे अनेक दृष्टिहीन कारागीर काम करतात. ज्यांना उजेड दिसत नाही, त्यांनी केलेल्या मेणबत्त्या दुसऱ्यांच्या घरात उजेड देतात!

एवढं पाठच करा : मेणानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करून मोठ्यांनी झाकण घालायचं. हातावर मेण सांडलं तर हात वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरा. चिकटलेलं मेण ओढून काढू नका. पेटलेला पेला तापतो, तो ताटलीत ठेवा, पडदे आणि मच्छरदाणीपासून लांब. खिडकी थोडी उघडी असू द्या. आणि झोपण्यापूर्वी फुंकर!

तर मे महिन्याच्या सुट्टीतच दोन-चार करून ठेवा. एक शेजारच्या आजींनाही द्या. पावसाळ्यात पहिल्यांदा दिवे जातील, तेव्हा त्यांना तुमची आठवण नक्की येईल.