आयुष्य आणि अडकित्ता

शिरूर तालुक्यांतील मांडवगण फराटा घ्या, किंवा पुणें जिल्ह्यांतील दुसरें एखादें जुनें गांव घ्या. अशा गांवच्या जुन्या घरांत, फडताळाच्या तळाशीं, पितळी अडकित्ता, काजळी धरलेली समई, पाय घासावयाची वज्री अशा वस्तु अद्यापि सांपडूं शकतात. वडील माणसें गेलीं, वाटण्या झाल्या, कीं या वस्तु मोडींत निघतात आणि वजनावर विकल्या जातात. कारागिरानें दिलेला डौल तराजूंत कोण मोजणार? अशा वस्तूंकडे ज्या एका पुणेकरानें आयुष्यभर निराळ्या नजरेनें पाहिलें, त्याचें नांव दिनकर गंगाधर केळकर.

केळकर १८९६ सालीं जन्मले. ते मूळचे कवि. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत. घरचा धंदा मात्र चष्म्यांचा. लोकांना नीट दिसावें म्हणून भिंगें देणाऱ्या घरांतूनच अशी नजर निघावी, हा योगायोग मौजेचा खरा! सुमारें १९२० पासून त्यांनीं जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला, आणि पुढें त्यांसाठीं देशभर पायपीट केली.

जमविण्याचा छंद पुष्कळांना असतो. पण नुसत्या जमविण्यानें ढीग होतो, संग्रह होत नाहीं. संग्रहाला एक सूत्र लागतें. केळकरांच्या संग्रहांत शस्त्रें आहेत, वाद्यें आहेत, कोरीव दारें आहेत; तथापि त्याचा जीव आहे तो रोजच्या घरगुती वस्तूंत. सुपारी कातरावयास दोन पातीं आणि एक खीळ एवढें पुरे. तरीहि कोणा अनामिक कारागिरानें अडकित्त्याला माणसांचे, पशुपक्ष्यांचे आकार दिले. वज्रीला खरखरीत तळ असला कीं काम भागतें. तिच्या पाठीवर पक्षी बसविण्याची कांहींच गरज नव्हती. दौत, दिवा, कुंकवाचा करंडा, सर्वांची हीच कथा. उपयोग संपतो तेथून पुढें हात कां चालत राहिला, या प्रश्नाचें उत्तर त्या माणसांच्या जगण्यांत आहे. विडा लावण्याचा किंवा सांजवात करण्याचा चार क्षणांचा वेळहि त्यांना रुक्षपणें घालवावासा वाटला नाहीं. केळकरांमधील कवीनें हें बरोबर हेरलें.

या उद्योगाच्या मुळाशीं एक दुःखहि आहे. केळकरांचा मुलगा राजा बालपणींच गेला. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ हें नांव वाचून एखादे संस्थानिक महाराज डोळ्यांपुढें उभे राहतात. वस्तुतः तें एका लहान मुलाचें नांव आहे. पत्नी कमलाबाई यांनीं या कामांत पतीला साथ दिली. स्वतःच्या घरांतील वस्तु पाहावयाला राजा उरला नाहीं, आणि परक्या घरांतील टाकाऊ वस्तु मात्र आपुलकीनें या घरीं येत राहिल्या.

१९६० च्या सुमारास संग्रह सुमारें १५,००० वस्तूंवर गेला होता. १९७५ सालीं केळकरांनीं तो सर्वच्या सर्व महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या हवालीं केला. जमविण्याहून हें अवघड. पुष्कळ संग्राहकांचा हात नेमका येथेंच आंखडतो. त्यांना पद्मश्री मिळाली, १९९० सालीं ते निवर्तले. पुण्यांत बाजीराव रस्त्याजवळच्या त्या वास्तूंत २०,००० हून अधिक वस्तु आहेत. जागेअभावीं त्यांतील अडीच हजारांच्या आसपासच मांडतां येतात.

एखाद्या कुटुंबानें असें कांहीं आपल्यापुरतें आरंभावयाचें म्हटलें, तर इतक्या पसाऱ्याची जरुरी नाहीं. एकच जात धरावी. नुसत्या पळ्या, नुसते दिवे, नाहींतर घरांतल्या बायकांच्या हातचीं भरतकामें. वस्तु कोणी आणली, कोठून, कोणत्या प्रसंगीं वापरली जाई, हें घरांतील आजींना विचारून त्याच दिवशीं लिहून ठेवावें. उद्यांवर टाकलें कीं सांगणारें माणूस राहीलच असें नाहीं. पितळ लख्ख करण्याच्या भरांत चिंचेनें फार घासूं नये, बारीक कोरीव रेघा झिजतात. मऊ कोरड्या फडक्यानें पुसलें तरी पुरे. माहितीची चिठी मात्र डिंकानें चिकटवूं नये, सुती दोऱ्यानें बांधावी.