आजाऱ्याचें दप्तर

घरचें माणूस इस्पितळांतून सुखरूप परत आलें म्हणजे सर्वांस हायसें वाटतें. आप्तेष्ट भेटावयास येतात, मुलें आनंदित होतात, आणि कागदांची ती फुगलेली पिशवी मात्र कपाटाच्या माथ्यावर जाऊन पडते. वास्तविक उपचार तेव्हां संपलेले नसतात. इस्पितळांत जें काम परिचारिका आळीपाळीनें करीत असत, तेंच आतां घरच्या माणसांच्या अंगावर येतें. तेथें पाळी बदलतांना एकीनें दुसरीस लेखी माहिती देण्याची शिस्त असते. घरीं ती नसते. आईस वाटतें, बाबांनीं गोळी दिली. बाबांस वाटतें, आईनें दिली. आणि आजोबा एक तर औषधावांचून राहतात, किंवा त्यांस तें दोनदां मिळतें.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ सालीं शुश्रूषेवर जें लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा मथितार्थ असा कीं, आपण रुग्णापाशीं असतांना जें करतों, तें आपण नसतांनाही घडेल अशी तजवीज करून ठेवणें हा शुश्रूषेचा पाया होय. अशी तजवीज स्मरणशक्तीच्या भरंवशावर होत नाहीं. तिला कागद लागतो. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले असल्यामुळें आज अभ्यासकांच्या हातीं लागतात. तसेंच एक लहानसें दप्तर प्रत्येक आजाऱ्याचें असावें. त्याचे तीन भाग करावे.

पहिला भाग इस्पितळाच्या कागदांचा. त्यांत मुख्य म्हणजे डिस्चार्ज कार्ड. रोग कोणता ठरला, शस्त्रक्रिया कोणती झाली, तपासण्यांत काय आढळलें, औषधें कोणतीं व पुन्हां केव्हां दाखवावयाचें, हें सर्व त्यावर असतें. तें इस्पितळांतून निघण्यापूर्वींच वाचावें, आणि न कळलेला शब्द तेथेंच विचारून घ्यावा. कोणतीं लक्षणें दिसल्यास तत्काळ परत यावें, हेंही विचारून लिहून ठेवावें. पुढें सर्व कागद तारखेप्रमाणें लावून नवा कागद वर ठेवावा. हृदयाच्या आलेखाचा म्हणजे ई.सी.जी.चा कागद बहुधा उष्णतेनें उमटणारा असतो. कालांतरानें त्यावरील रेघा पुसट होतात, म्हणून त्याची झेरॉक्स प्रत लगेच काढावी. एखादा कागद हरवल्यास निराश होऊं नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणें इस्पितळांत दाखल झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षें जपून ठेवावे लागतात, आणि रुग्णानें मागणी केल्यास ते ७२ तासांच्या आंत द्यावे लागतात.

दुसरा भाग औषधांच्या तक्त्याचा. सर्वांत अधिक घोटाळा येथेंच होतो. गोळ्यांच्या पट्टीवर कंपनीनें ठेवलेलें नांव आणि मूळ औषधाचें नांव अशीं दोन नांवें असतात. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नांवांनीं विकतात. इस्पितळांतून आलेली नवी गोळी आणि घरांत पूर्वींपासून असलेली जुनी गोळी या दोन वस्तु समजून आजी दोन्ही घेते, आणि एकाच औषधाची दुप्पट मात्रा पोटांत जाते. तापावरील पॅरासिटामॉल सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असतें; तें प्रमाणाबाहेर गेल्यास यकृतास इजा होते. म्हणून तक्त्यांत दोन्ही नांवें लिहावीं, आणि जुन्यांपैकीं कोणतीं औषधें चालू व कोणतीं बंद, हें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें. याउलट, बरें वाटूं लागलें म्हणून औषध सोडणेंही घातक ठरतें. हृदयाच्या रक्तवाहिनींत स्टेंट बसविल्यावर ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्या रक्ताची गांठ होऊं नये म्हणून देतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून थांबविल्यास ती नळी एकाएकीं बंद पडण्याचें भय असतें.

डॉक्टरांच्या चिठ्ठीची भाषा कठीण नाहीं. १-०-१ म्हणजे सकाळीं एक, दुपारीं नाहीं, रात्रीं एक. बी. डी. म्हणजे दिवसांतून दोनदां, टी. डी. एस. म्हणजे तीनदां, एच. एस. म्हणजे निजतांना, आणि एस. ओ. एस. ही येथें संकटाची हांक नसून, गरज पडल्यासच घ्यावें अशी सूचना आहे. हीं लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें होत.

तिसरा भाग रोजच्या नोंदवहीचा. तारीख, वेळ, ताप, रक्तदाब, साखर यांपैकीं डॉक्टरांनीं सांगितलें असेल तेवढेंच लिहावें. मात्र आंकडा दिसला तसाच लिहावा, अंदाजानें भरूं नये. हृदय दुर्बळ झालेल्या रुग्णाचें वजन रोज सकाळीं घेतात. तें दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलें, तर तें अन्नाचें नसून अंगांत साठलेल्या पाण्याचें असण्याचा संभव असतो, आणि डॉक्टरांस त्याच दिवशीं कळवावें लागतें. नोंद नसेल तर ही वाढ ध्यानांतही येत नाहीं.

या तिन्ही भागांच्या अग्रभागीं एकच पान असावें: नांव, वय, रक्तगट, जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू औषधें, डॉक्टरांचा दूरध्वनि, आणि रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक. पेनिसिलिनसारखें एखादें औषध सोसत नसेल, तर तें लाल शाईनें लिहावें. मध्यरात्रीं अनोळखी डॉक्टरांपुढें उभें राहण्याची वेळ आली, तर हें एक पान घाबरलेल्या दहा माणसांपेक्षां अधिक बोलतें. त्याचें छायाचित्र मोबाइलमध्यें असावें. पण कागदही असावा, कारण मोबाइलची बॅटरी संकट पाहून संपत नाहीं असें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, हें दप्तर लिहिण्यास तुमच्याइतका योग्य कारकून घरांत क्वचितच सांपडेल. तुमचें अक्षर वळणदार आहे, इंग्रजी नांवें तुम्हांस वाचतां येतात, आणि आजीस समजेल अशा मराठींत तीं लिहितांही येतात. तक्ता तुम्हीं लिहावा, वडील माणसांनीं तो डिस्चार्ज कार्डाशीं ताडून पाहावा, आणि पुढील भेटींत डॉक्टरांस दाखवावा. मात्रा बदलण्याचा अधिकार कारकुनाचा नव्हे, हें विसरूं नये. तसेंच दुसऱ्याच्या दुखण्याची ही वही म्हणजे विश्वासानें सोंपविलेली ठेव आहे. ती शेजाऱ्यांस दाखवावयाची नसते. दिवसाकाठीं दहा मिनिटांचें हें काम आहे. इतक्या अल्प श्रमानें घरच्या माणसाच्या जिवाची राखण होत असेल, तर तें आजच आरंभावें.