व्याधाच्या मागे बसलेला महातारा

माघ-फाल्गुनाच्या रात्री दक्षिण आकाशाचा कारभार व्याधाने असा काही बळकावलेला असतो, की त्याच्या खाली डावीकडे, बृहल्लुब्धकाच्या मागील अंगास, त्रिकोण करून बसलेल्या तीन ताऱ्यांकडे सहसा कोणी लक्ष पुरवीत नाही. आणि त्या त्रिकोणाच्या शिरोभागी असलेला वेझेन दुसऱ्या प्रतीचा तारा म्हणून दफ्तरी नोंदला गेल्याने त्याची उपेक्षा जणू रीतसरच झाली आहे. वस्तुतः व्याध आपल्यापासून अवघ्या 8.6 प्रकाशवर्षांवर, तर वेझेन सुमारे 1,600 प्रकाशवर्षांवर आहे. व्याधाचे तेज सूर्याच्या सुमारे 25 पट, तर वेझेनचे सुमारे 50 हजार पट. व्याधाच्या जागी वेझेन आणून बसविला, तर तो अष्टमीच्या चंद्राशी बरोबरी करील.

हा तारा पीतश्वेत महाराक्षसी वर्गातला. त्याच्या पृष्ठाचे तापमान सुमारे 6,000 केल्विन, म्हणजे आपल्या सूर्याहून किंचितच अधिक. तेव्हा त्याच्या अफाट तेजाचे कारण उष्णतेत नसून आकारात शोधावे लागते. सूर्याच्या सुमारे 200 पट त्रिज्येचा हा गोल सूर्याच्या ठिकाणी असता, तर बुध आणि शुक्र त्याच्या उदरात गडप होऊन त्याचा काठ पृथ्वीच्या कक्षेनजीक येऊन ठेपला असता. मात्र एवढ्या विस्तारात द्रव्य आहे ते जेमतेम पंधरा सूर्यांइतके! त्यामुळे त्याची सरासरी घनता आपल्या हवेपेक्षाही शेकडो पटींनी कमी भरते, आणि पृष्ठावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतके दुबळे असते.

या दुबळेपणातच अशा ताऱ्यांची ओळख पटविण्याची युक्ती दडलेली आहे. ताऱ्याच्या वातावरणात दाब अधिक असेल, तर अणू एकमेकांस सतत धक्के देतात आणि वर्णपटातील काही काळ्या रेषा, विशेषतः हायड्रोजनच्या, रुंद व पसरट होतात. विरळ वातावरणात हा उपद्रव नसल्याने त्याच रेषा बारीक, रेखीव उमटतात. हार्वर्ड वेधशाळेत अँटोनिया मॉरी या विदुषीने हा भेद ध्यानी घेऊन 1897 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या यादीत अशा ताऱ्यांची निराळी प्रतवारी लावली. परंतु वेधशाळेचे प्रमुख पिकरिंग यांना हा तपशील भरवशाचा वाटला नाही. डेन्मार्कच्या हर्ट्‌झस्प्रुंग यांनी 1905 साली दाखवून दिले, की मॉरीबाईंनी वेगळे काढलेले हे तारे विलक्षण तेजस्वी आहेत. आणि पुढे 1908 साली पिकरिंग यांना पत्र लिहून त्यांनी बजावले, की हा भेद डावलणे म्हणजे देवमासा व मासा यांतील फरक कळूनही प्राणिशास्त्रज्ञाने दोघांना एकाच वर्गात घालण्यासारखे आहे. वरिष्ठांच्या शिरस्त्यापुढे कनिष्ठांचे निरीक्षण कसे अडून बसते, याचे हे उदाहरण शास्त्राच्या इतिहासात एकटे खचित नाही.

वेझेनचा आकार केवळ अनुमानाने ठरलेला नाही. ऑस्ट्रेलियात नॅराब्राय येथे हॅनबरी ब्राऊन यांनी वर्तुळाकार रुळांवर फिरणाऱ्या दोन प्रचंड परावर्तकांच्या साहाय्याने 32 ताऱ्यांचे कोनीय व्यास मोजले व 1974 साली ते प्रसिद्ध केले. त्यांत वेझेनचा समावेश होता. त्याचा व्यास एका विकलेच्या हजारांश भागांपैकी साडेतीनांच्या आसपास भरला.

या ताऱ्याचे वय सुमारे एक कोटी वर्षे, म्हणजे सूर्याच्या 460 कोटींपुढे काहीच नव्हे. तथापि ज्याची जमा मोठी त्याचा खर्च त्याहून बेसुमार, हा महाताऱ्यांचा मामूल असल्याने त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन केव्हाच सरला आहे. एके काळी तप्त, नीलश्वेत असलेला हा तारा गाभा आक्रसत आणि बाह्य आवरण फुगत गेल्यामुळे निवत आला, आणि पुढे तो तांबडा महाराक्षसी होईल असा अंदाज आहे. निळ्यापासून तांबड्यापर्यंतचा हा पल्ला तारे आपल्या आयुष्याच्या मानाने इतक्या अल्प मुदतीत ओलांडतात, की पीतश्वेत अवस्थेत सापडणाऱ्या महाताऱ्यांची मोजदाद नेहमीच थोडी भरते. शेवटी गाभ्यात लोखंड साचेल, त्यातून ऊर्जेची कवडीही निघणार नाही, आणि गाभा कोसळून ताऱ्याचा स्फोट होईल. 1,600 प्रकाशवर्षांच्या अंतरामुळे पृथ्वीस त्यापासून अपाय पोहोचण्याचे कारण नाही, पण त्या दिवसांत बृहल्लुब्धकाकडे पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम व्याधाकडे जाणार नाही, एवढे खास.