दोर कुठे तुटतो?

मेघालयात चुनखडीच्या खडकात खोल, उभ्या गुहा आहेत. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि हजारो वर्षांत चुनखडी विरघळवत जाते. जालना जिल्हा बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांवर वसलेला आहे. हा खडक तसा विरघळत नाही, म्हणून इथे अशा गुहा नाहीत. तरीही दोराच्या आधाराने जमिनीच्या पोटात उतरणे इथे नवे नाही. विहीर खणणे, गाळ उपसणे, अडकलेली मोटार काढणे या कामांसाठी माणसे विहिरीत उतरतातच. गुहेत उतरणारे गिर्यारोहक ज्या नियमांनी दोर बांधतात, ते नियम विहिरीच्या काठावरही तितकेच लागू आहेत.

दोर विकत घेताना आपण त्याची ताकद विचारतो. समजा, दुकानदाराने 1,000 किलो सांगितली. माणूस 80 किलोचा. म्हणजे बारापट ताकद हाताशी आहे, असे वाटते. पण हा आकडा नव्या, कोरड्या, सरळ आणि बिनगाठीच्या दोराचा असतो. प्रत्यक्षात दोर सगळीकडे सारखा ताणला जात नाही. तो त्याच्या सर्वांत दुबळ्या जागी तुटतो.

पहिली दुबळी जागा म्हणजे गाठ. गाठीत दोर वळतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू जास्त ताणले जातात, आतले तंतू दाबले जातात. सगळा भार थोड्याच तंतूंवर येतो. वळण जितके आवळ, तितके नुकसान जास्त. साधारणपणे गाठीमुळे दोराची 20 ते 40 टक्के ताकद जाते. आठच्या आकड्यासारख्या गाठीत हे नुकसान तुलनेने कमी असते, शिवाय ती बरोबर बसली की नाही हे नजरेनेच कळते. म्हणून गुहेत उतरणारे तिला पसंती देतात. गाठीबाहेर उरलेले टोक दोराच्या जाडीच्या किमान दसपट ठेवतात, नाहीतर भार येताच ते सरकून निसटू शकते. ओढताच सुटणारी सुरगाठ जनावराच्या दाव्याला ठीक, माणसाच्या जिवाला नाही.

वर्गात हे सहज दाखवता येईल. शिवणाच्या सुती दोऱ्याचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एकाच्या मधोमध साधी गाठ मारावी. दोन्ही तुकड्यांची टोके पेन्सिलींना सात-आठ वेढे देऊन मगच बांधावीत. वेढ्यांच्या घर्षणामुळे टोकाच्या गाठीवर भार फारसा पोचत नाही. खाली लहान डबा टांगून त्यात थोडे थोडे पाणी ओतावे. बहुतेक वेळा गाठीचा दोरा आधी तुटतो, आणि तोही गाठीपाशीच.

दुसरी दुबळी जागा म्हणजे कठड्याची धार. ताणलेला दोर दगडाच्या कडेवर घासला की एकेक पेड कापला जातो. कडेवर गोणपाटाची जाड घडी ठेवणे हा साधा, पण मोलाचा उपाय आहे. नायलॉन भिजला की त्याची ताकद दहा टक्क्यांच्या आसपास घटते. स्वस्त, रंगीत पॉलिप्रॉपिलीनचे दोर उन्हाने ठिसूळ होतात.

तिसरी गोष्ट कोनाची. एकच भार दोन खुंट्यांवर वाटला की प्रत्येकीवर निम्मा येतो, असे आपण धरून चालतो. दोन दोरांमधला कोन 60 अंश असेल, तर 80 किलोच्या भाराला प्रत्येक दोरावर सुमारे 46 किलो ताण येतो. कोन 120 अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण 80, आणि 150 अंशांना सुमारे 155. खुंट्या दूर दूर ठोकून दोर आडवा ताणण्यात सुरक्षितता नाही, ती या आकड्यांनी कळते.

सर्वांत फसवा असतो हिसका. दोर एक मीटर ढिला असताना पाय निसटला, तर माणूस एक मीटर पडतो आणि मग दोर त्याला थांबवतो. न ताणणारा दोर 10 सेंटिमीटरमध्ये थांबवत असेल, तर कार्य-ऊर्जेच्या गणिताने सरासरी बल वजनाच्या अकरापट, म्हणजे 880 किलोभाराइतके येते. आता आपला 1,000 किलोचा दोर पाहा. गाठीने 700 झाला, भिजल्यावर 630. तो तुटणार! बारापट ताकद कुठे गेली, ते इथे दिसते. म्हणून वरच्या माणसाने दोर सतत ताठ ठेवायचा, ढील द्यायची नाही.

दोर टिकला तरी कमरेला एकच फास असेल, तर लटकणाऱ्याची छाती आवळून श्वास कोंडतो. भार मांड्यांवर घेणारा पट्टा हवा. शिवाय विहिरीत दूषित हवा असू शकते. खाली कोणी बेशुद्ध पडले, तर त्याच्यामागे दुसऱ्याने उतरायचे नाही. उतरणाऱ्याला वेगळा दोर आधीच बांधलेला असेल, तरच त्याला वरून ओढता येते.

बल, घर्षण, कार्य आणि ऊर्जा हे धडे आपण दरवर्षी शिकवतो. यंदा ते शिकवताना विहिरीचा दोर उदाहरणाला घ्यावा. वर्गातल्या कोणाच्या ना कोणाच्या घरचे माणूस उन्हाळ्यात विहिरीत उतरणार असते. गाठ कोणती, धार कुठे, कोन किती, ढील किती, हे चार प्रश्न त्या मुलाने काठावर विचारले, तरी पुष्कळ झाले.