विश्लेषण : संकेतस्थळाचा मालक कोण? डोमेन नोंदणीतील नाव-पत्ता कोणाला दिसतो?

अलिबाग, नागाव, काशीद, मुरुडपासून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्यांत घरगुती निवासाचा व्यवसाय चालतो. अनेकांची स्वतःची संकेतस्थळे आहेत. ती सुरू करताना दिलेले नाव, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक कोणाला दिसतात? आणि खोट्या संकेतस्थळावर आगाऊ पैसे भरून बसलेल्या पर्यटकाला त्यामागचा माणूस सापडतो का? हे दोन प्रश्न एकाच नोंदवहीशी जोडलेले आहेत.

डोमेन नोंदणीत कोणती माहिती द्यावी लागते?

डोमेन म्हणजे संकेतस्थळाचे नाव. ते विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी नोंदवून वापरायला मिळते. नोंदणी करणाऱ्या कंपनीला नाव, टपालाचा पत्ता, दूरध्वनी आणि ई-मेल द्यावा लागतो. ‘डॉट कॉम’सारख्या नावांचे नियम ‘आयकॅन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. ‘डॉट इन’चा कारभार ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ म्हणजे ‘निक्सी’कडे आहे. मोठ्या हॉटेलसाठी हा पत्ता कार्यालयाचा असतो. वाडीतल्या दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या कुटुंबासाठी मात्र तो राहत्या घराचाच असतो आणि क्रमांकही घरातल्याच कोणाचा तरी.

ही माहिती पूर्वी उघड का होती?

‘हू-इज’ ही विचारणा-पद्धत १९८२ पासूनची. तेव्हा संगणकजाळे विद्यापीठे आणि संशोधन संस्थांपुरते होते. एखाद्या यंत्रात बिघाड झाला, तर कोणाला फोन करायचा हे कळावे, एवढाच तिचा हेतू होता. पुढे इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले, तरी ही यादी तशीच उघडी राहिली. नवी नोंद होताच संकेतस्थळ बनवून देतो, जाहिरात करून देतो असे फोन सुरू होत. नूतनीकरणाची खोटी बिले पाठवून पैसे उकळण्याचे प्रकारही याच माहितीच्या आधारे झाले.

ही माहिती झाकली कधी गेली?

युरोपीय संघाचा ‘जीडीपीआर’ हा विदासंरक्षण कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. व्यक्तीची माहिती पुरेशा कारणाशिवाय जगजाहीर ठेवणे कंपन्यांना महागात पडण्याची चिन्हे दिसताच ‘आयकॅन’ने त्याच महिन्यात तात्पुरते नियम आणले. त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी भारतासह सर्वच देशांतील व्यक्तींचे नाव, पत्ता आणि क्रमांक झाकले. २८ जानेवारी २०२५ पासून ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी ‘हू-इज’ची सक्तीही संपली, तिची जागा ‘आरडीएपी’ या नव्या पद्धतीने घेतली आहे.

आता नोंदीत काय दिसते?

नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि नोंदणी करणाऱ्या कंपनीचे नाव आजही दिसते. धारकाच्या रकान्यात बहुधा ‘गोपनीयतेसाठी झाकलेले’ असा शेरा असतो. राज्य आणि देश मात्र दिसू शकतात. काही वेळा धारकाऐवजी मध्यस्थ कंपनीचाच पत्ता येतो. त्यामुळे अलिबागच्या कॉटेजचा पत्ता अमेरिकेतील ॲरिझोना किंवा आइसलँडमधील रेकयाविक असाही दिसू शकतो. तेवढ्यावरून संकेतस्थळ खोटे ठरत नाही. ‘डॉट इन’मध्ये अशा मध्यस्थ कंपनीच्या नावाआड नोंदणीला परवानगी नाही, तेथे खऱ्या धारकाचीच नोंद लागते, पण सार्वजनिक पानावर तिचे वैयक्तिक तपशील झाकलेले असतात.

फसवणूक झाल्यास माहिती मिळते का?

मिळते, पण थेट पर्यटकाला नव्हे. झाकलेली माहिती नोंदणी कंपनीकडे असते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार पोलीस किंवा न्यायालय ती मागू शकते. कंपनी परदेशी असेल, तर वेळ लागतो. शिवाय खोटे संकेतस्थळ उघडणारा नोंदणीतही खोटेच नाव देऊ शकतो. नामांकित कंपन्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट संकेतस्थळांमुळे हा मुद्दा न्यायालयात पोहोचला. डाबर कंपनीच्या २०२२ च्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढे झाकलेल्या नोंदींचाच प्रश्न आला होता. अशा दाव्यांत वकील उभे करणे मोठ्या कंपनीला परवडते. चार हजार रुपये गमावलेल्या पर्यटकाला नाही.

भारतातील कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. मात्र, व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. नोंदणीत झाकलेला घरचा क्रमांक मालकाने संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर छापला, तर त्या क्रमांकाला या कायद्याचे संरक्षण उरत नाही. म्हणून व्यवसायासाठी वेगळा क्रमांक आणि वेगळा ई-मेल ठेवणे शहाणपणाचे.

घरगुती व्यावसायिकांना खरा धोका कोणता?

बहुतेक वेळा डोमेनची नोंदणी संकेतस्थळ बनवून देणारा किंवा ओळखीतला मुलगा करतो, तीही स्वतःच्या खात्यातून आणि स्वतःच्या ई-मेलवर. पैसे घरमालक देतो, फलकावर आणि पावतीवर नाव छापतो. पण कागदोपत्री धारक दुसराच असतो. पूर्वी नोंद उघडताच हे लक्षात येत असे. आता मालकालाही स्वतःच्या डोमेनपुढे ‘गोपनीयतेसाठी झाकलेले’ एवढेच दिसते. मुदत संपत आल्याचे ई-मेल दुसऱ्याकडे जातात. नूतनीकरण राहिले, तर सवलतीचा काळ संपल्यावर ते नाव कोणीही घेऊ शकतो. जुन्या पाहुण्यांना पाठ असलेल्या त्याच नावावर मग आरक्षणाचे पैसे मागणारे खोटे पान उभे राहू शकते. त्यामुळे माहिती झाकलेली असावी, पण त्यामागचे नाव आपलेच असल्याची खात्री हवी. त्यासाठी नोंदणी कंपनीच्या खात्यात स्वतः शिरून धारकाचे नाव, ई-मेल आणि मुदत तपासावी. पासवर्ड आपल्याकडे ठेवावा. ‘डॉट कॉम’सारख्या नव्या नोंदणीत ई-मेलची पडताळणी १५ दिवसांत केली नाही, तर डोमेन थांबवले जाऊ शकते, हेही विसरू नये.

पर्यटकांनी काय पाहावे?

नाव दिसत नसले, तरी नोंदणीची तारीख बरेच सांगून जाते. ‘वीस वर्षांची सेवा’ म्हणणारे डोमेन तीन आठवड्यांपूर्वीचे असेल, तर पैसे भरण्याआधी थांबावे. नवे डोमेन म्हणजे खोटेच असे नाही. पण अशा वेळी नकाशावरील किंवा जुन्या पाहुण्यांकडून मिळालेल्या क्रमांकावर फोन करावा. निवास व न्याहारी योजनेत नोंदणी असल्याचे सांगितले जात असेल, तर तिचे प्रमाणपत्र मागावे. यूपीआयवर पैसे पाठवताना दिसणारे खातेदाराचे नाव मालकाच्या किंवा व्यवसायाच्या नावाशी जुळते का, हे पाहावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. डोमेनचा धारक पुढे सापडेलही. पण पैसे दुसऱ्या खात्यांत वळवले जाण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.