गाणे आणि सत्ता (भाग 4) : परवान्याबाहेरचे छप्पर

कयाधूकाठचे नर्सी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. त्यांची सर्वात प्रसिद्ध कथा मात्र याच हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाची. देवळापुढे कीर्तन करायला मज्जाव झाला, तेव्हा नामदेव मागच्या बाजूला जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. तिथला नंदी देवळामागे आहे, ती याचीच खूण, असे लोक सांगतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी गोष्टीतला झगडा खरा वाटतो : कोणी कुठे गावे, हे ठरवायचे कोणी?

हाच मुलूख पुढे निजामाच्या राज्यात होता. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी, असा ‘गश्ती निशाण 53’चा जाच होता. 1938 च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहातले विद्यार्थी प्रार्थनागृहात ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. त्यावर बंदी आली, विद्यार्थ्यांनी संप केला. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातली मुलेही लढ्यात उतरली. शेकडो जणांची नावे पटावरून कमी झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच.

परवान्याची हीच व्यवस्था समाजवादी पूर्व जर्मनीने थेट गाण्यालाच लावली.

तिथे जाहीर कार्यक्रम करायचा तर बँडला सरकारी समितीपुढे वाजवून दाखवावे लागे. समिती श्रेणी देई आणि श्रेणीवर मानधन ठरे. कार्यक्रमातली किमान 60 टक्के गाणी समाजवादी देशांतली असावीत, असाही नियम होता. तीन सुरांवर आरडाओरडा करणाऱ्या, केस रंगवलेल्या पंक पोरांना या समितीच्या दारात जायचेच नव्हते.

मग वाजवायचे कुठे? चर्चमध्ये. 1978 मध्ये पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांचे सरकार आणि प्रोटेस्टंट चर्च यांच्यात समझोता झाला होता आणि उपासनेला पोलिसांची परवानगी लागत नसे. पूर्व बर्लिनमध्ये पाद्री रायनर एपेलमान यांच्या पुढाकाराने 1979 पासून ‘ब्लूज मास’ सुरू झाले होते : एक गाणे, एक नाटुकले, मग बायबलमधला उतारा आणि प्रार्थना. कागदोपत्री ती उपासनाच. जमत मात्र हजारो तरुण. याच वाटेने पंकही आत आले. 1983 च्या एप्रिलमध्ये हाले शहरातल्या ख्रिस्तुसकिर्खे या चर्चमध्ये देशभरातले पंक गोळा झाले.

सरकारने त्यांना चर्चच्या दाराबाहेर गाठले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘नामेनलोस’ बँडच्या सदस्यांना अटक झाली आणि गाण्यांतून राज्याची बदनामी केल्याबद्दल तुरुंगवास झाला. चर्चमध्येही सगळे आलबेल नव्हते; या पोरांना आत घेण्यावर अनेक भाविक नाराज होते. खुद्द काही बँडमधले वादकच गुप्त पोलिसांचे, म्हणजे श्टासीचे, खबरे होते, हे राजवट कोसळल्यावर फायलींतून उघड झाले.

तरीही जागा टिकली, हे महत्त्वाचे. 1989 च्या शरद ऋतूत लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरले, ते लायप्झिग आणि बर्लिनमधल्या अशाच चर्चमधून बाहेर पडून. विनापरवाना एकत्र जमण्याची सवय त्या छपरांखाली आधीच रुजली होती आणि त्यात पंकांचा वाटा होता. पुढच्याच वर्षी एपेलमान मंत्री झाले.

पुढील भागात : प्रागमधला ‘प्लास्टिक पीपल’ बँड, 1976 चा खटला आणि त्यातून जन्मलेली ‘सनद 77’.