घाट उतरण्याआधी

मित्रांनो, आज एका कोड्यानं सुरुवात करू या. एक गाडी आहे इंग्लंडची. बुटकी, लांब नाकाची, दोनच माणसं बसतील एवढी. डोक्यावर कापडी छप्पर, तेही काढून ठेवता येणारं. दुसरी गाडी आपल्याकडची. गोल पोटाची, कलेक्टरसाहेबांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्यांना वाहून नेलेली अँबेसेडर. सांगा बघू, या दोघींचं नातं काय?

हरलात? मग ऐका. त्या दोघी चक्क बहिणी आहेत!

पहिलीचं नाव एम.जी.ए. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन गावी 1955 ते 1962 या काळात अशा एक लाखाहून जास्त गाड्या तयार झाल्या. सुरुवातीच्या एम.जी.ए.चं इंजिन होतं 1489 सी.सी.चं. याच घराण्यातलं, याच मापाचं इंजिन मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीत होतं. आणि मॉरिस ऑक्सफर्ड म्हणजेच आपली अँबेसेडर! बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या कारखान्यात ती 2014 पर्यंत तयार होत होती. एम.जी.ला दोन कार्बोरेटर आणि जास्त ताकद, अँबेसेडरला ताकद कमी पण पाठ भक्कम. एक बहीण शर्यतीत धावली, दुसरीनं संसार ओढला, एवढाच काय तो फरक.

याचा फायदा काय, तर ज्या मिस्त्रीनं अँबेसेडरची इंजिनं उघडून हात काळे केलेत, त्याला एम.जी.चं इंजिन परकं वाटत नाही. आणि तुम्हालाही ते समजू शकतं. कारण या गाडीत संगणक नाही. जे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं.

आता अशी कल्पना करा, की तुमच्या मामानं हौसेनं एक जुनी एम.जी.ए. मिळवली आणि पोलादपूरच्या घराच्या पडवीत आणून उभी केली. मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही महाडहून तिकडे गेलात. मामा म्हणाला, “चल, पाऊस लागायच्या आत हिला नीट करू. मग दिवाळीत महाबळेश्वरला जाऊ!” कसली मज्जा! पण थांबा. महाबळेश्वरला जायचं म्हणजे आंबेनळी घाट चढायचा. आणि परत यायचं म्हणजे तोच घाट उतरायचा. तेव्हा कामाला लागू या.

आधी तीन नियम

पहिला : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी म्हणजे कधीच शिरायचं नाही. जॅक सटकतो. खाली भक्कम स्टँड लावून, मोठी माणसं जवळ असतानाच काम करायचं.

दुसरा : पेट्रोलचं काम मोकळ्या हवेत. जवळ काडेपेटी नको, उदबत्तीसुद्धा नको.

तिसरा : तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते कारंज्यासारखं अंगावर येतं.

पाना कितीचा?

मामा म्हणाला, “तेरा नंबरचा पाना दे.” तुम्ही दिलात. पाना बसला, पण जरा सैल. जोर लावला तर बोल्टचे कोपरे झिजून तो गोल होईल! असं का? कारण ही गाडी इंचांच्या जमान्यातली. तिचा बोल्ट आहे अर्ध्या इंचाचा, म्हणजे 12.7 मिलिमीटरचा. तेराच्या पान्याला 0.3 मिलिमीटर मोकळं राहतं. एवढीशी फट, पण बोल्ट खराब करायला पुरते. म्हणून जुन्या इंग्रजी गाडीसाठी इंचाचे पाने वेगळे ठेवायचे. अँबेसेडरची कामं केलेल्या जुन्या गॅरेजात ते सापडण्याची शक्यता जास्त.

आणखी एक गंमत. आजच्या गाड्यांत बॅटरीचं वजा टोक गाडीच्या लोखंडाला जोडलेलं असतं. एम.जी.ए.मध्ये उलटं, तिथं अधिक टोक जोडलेलं. शिवाय सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्याही सीटच्या मागे लपवलेल्या. तेव्हा न पाहता तारा जोडाल तर घोटाळा झालाच म्हणून समजा.

पोलादपूर आणि पोलाद

गावाचं नाव पोलादपूर असलं, तरी पोलादाचा शत्रू इथं दरवर्षी मुक्कामाला येतो. महाड-पोलादपूर भागात एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. यातलं एक जरी दूर ठेवलं तरी गंज थांबतो. ऑइल, ग्रीस आणि रंग हे काम करतात. ते लोखंड आणि हवा-पाणी यांच्यामध्ये भिंत घालतात.

एम.जी.ए.ची दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं असतं. बाकी अंग लोखंडी पत्र्याचं. आणि पायाखालचे तळफळे? चक्क प्लायवूडचे! म्हणजे आपल्याकडे गंजाबरोबर वाळवीचीही काळजी. दारांना काचाही नाहीत, वेगळे पडदे लावावे लागतात. पाणी आत येणारच. म्हणून तुमचं काम असं. पायाखालची मॅट उचलून फळ्या बोटानं दाबून पाहा. मऊ लागतात का? दाराच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती काडीनं मोकळी करा. पत्र्यावर फुगलेला रंग दिसला तर मामाला दाखवा. तिथलं गंजलेलं पॉलिश पेपरनं घासून रेड ऑक्साइड लावायचं, मग रंग.

आणि गाडीवर ताडपत्री घट्ट गुंडाळून ठेवू नका. आत कोंडलेला दमटपणा पावसापेक्षा वाईट. वर छप्पर आणि बाजूंनी वारा हवा. आपल्या आज्या लोणच्याची बरणी ओल लागणार नाही अशा जागी ठेवतात ना, तसंच.

ठिणगी कुठे गेली?

पावसाळी सकाळी जुनी गाडी चालू होत नाही, ही कोकणातली नेहमीची तक्रार. मिस्त्री म्हणतो, “करंट येत नाही.” हा करंट वाटणारा डबा म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. त्याच्या टोपीत ओल धरली की वीज प्लगपर्यंत न जाता भलतीकडेच पळते. उपाय सोपा. इंजिन बंद असताना मामानं टोपी काढायची, तुम्ही ती कोरड्या सुती फडक्यानं आतून-बाहेरून पुसायची. बस्स! बऱ्याचदा गाडी लगेच चालू होते.

टोपीखाली असतात सी.बी. पॉइंट, उघडझाप करणाऱ्या दोन चिमुकल्या टिकल्या. त्या पूर्ण उघडल्या की त्यांच्यात साधारण 0.4 मिलिमीटर अंतर हवं. ते फिलर गेजच्या पातळ पात्यानं मोजतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100 ठिणग्या लागतात. म्हणजे त्या टिकल्या सेकंदाला 100 वेळा उघडतात! झिजणारच ना त्या?

मग स्पार्क प्लग काढून त्याचं तोंड बघा. डॉक्टर जीभ बघतात, तसं. बदामी-तपकिरी असेल तर तब्येत उत्तम. काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. तेलानं ओलं असेल तर आतून ऑइल वर येतंय.

पेट्रोलवरून आठवलं. 2025 पर्यंत आपल्या देशातल्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. इथेनॉल ओलावा शोषून घेतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला खातं. म्हणून जुन्या गाडीचे रबरी पेट्रोल पाइप बदलून नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालायचे. पाइप वाकवून बघा. भेगा दिसल्या किंवा पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालूच करायची नाही.

दोन हंडे उकळतं पाणी

आता सगळ्यात महत्त्वाचं. वही-पेन्सिल घ्या, एक गणित करू. दोन माणसं बसलेली एम.जी.ए. साधारण 1000 किलोची. महाबळेश्वर ते पोलादपूर ती सुमारे 1250 मीटर खाली उतरते. 1000 गुणिले 9.8 गुणिले 1250, म्हणजे झाले 1 कोटी 22 लाख 50 हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेत किती पाणी उकळीला येईल? जवळजवळ 40 लिटर! मोठे दोन हंडे भरून.

गाडी खाली येताना वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही उष्णता कुठंतरी जायला हवी. सगळा भार ब्रेकवर टाकलात तर ती ब्रेकमध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनर तापून गुळगुळीत पकड सोडतात. आणि ब्रेक ऑइल? ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 3 ऑइल कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेलं ऑइल 140 अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे. आणि बुडबुडे फुग्यासारखे दबतात. मग पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही! शिवाय या जुन्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकची नळी एकच. एक गळती, की चारही चाकं मोकळी.

म्हणून निघण्याआधी तपासणी. ब्रेक ऑइल मधासारखं स्वच्छ आहे, की चहासारखं काळपट? दर दोन वर्षांनी ते बदललंच पाहिजे, आपल्या दमट हवेत तर नक्कीच. (ते रंगावर सांडू देऊ नका, रंग निघतो.) मग मामाला पेडल जोरानं दाबून एक मिनिट धरायला सांगा. तुम्ही घड्याळ लावा. पेडल तसंच टणक राहिलं तर ठीक. हळूहळू खाली बसत गेलं तर कुठंतरी गळती आहे.

आणि तसं झालं तर? महाबळेश्वर रद्द! स्ट्रॉबेरी रद्द! कितीही रडू आलं, मामा कितीही म्हणाला की “हळू जाऊ”, तरी रद्द. ब्रेकची दुरुस्ती पडवीत शिकत शिकत करायची नसते. ती जाणत्या मिस्त्रीकडूनच. तुम्ही सापडवलेली ती गळती म्हणजे तुम्ही केलेलं सगळ्यात मोठं काम, बरं का!

ब्रेक चांगले असले तरी घाटाचा जुना नियम विसरायचा नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. मग चाकं इंजिनाला फिरवतात, इंजिन गाडीला मागे धरतं आणि ब्रेकना विश्रांती मिळते. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे लोक त्या दोन हंड्यांची सगळी आग एकट्या ब्रेकवर टाकतात. आंबेनळी असो, कशेडी असो की वरंधा, नियम एकच.

पुराचं पाणी शिरलं तर

जुलै 2021 चा महाडचा पूर तुमच्या घरात कोणी विसरलं नसेल. गाडी पाण्यात बुडाली असेल, तर पाणी ओसरल्यावर पहिली चूक कोणती होते? किल्ली फिरवणं! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर आतला दांडा वाकतो. आधी बॅटरीच्या तारा सोडवायच्या. प्लग काढून आतलं पाणी बाहेर येऊ द्यायचं. ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे, ते काढून टाकायचं. ब्रेकच्या ड्रममधला गाळ धुऊन काढायचा. मग मिस्त्रीचा होकार, आणि त्यानंतर किल्ली.

एक साधी वही

शेवटी एक साधन सांगतो, त्याला इंचही लागत नाहीत आणि मिलिमीटरही. एक शंभर पानी वही. दर रविवारी तारीख घाला आणि लिहा : ऑइल किती, रेडिएटरमध्ये पाणी किती, ब्रेक ऑइल किती उतरलं, चाकांत हवा किती, कुठला नवा आवाज, खाली जमिनीवर कसला डाग. एका रविवारच्या नोंदीतून काही कळणार नाही. पण दहा रविवार ओळीनं वाचलेत, की ब्रेक ऑइल दर आठवड्याला केसभर खाली जातंय हे लक्षात येईल. गाडी बंद पडण्याआधी बोलत असते, मित्रांनो. मोठ्यांना घाई असते, म्हणून त्यांना ऐकू येत नाही.

एम.जी.ए. सगळ्यांच्या पडवीत कुठून असणार? पण सायकल तर आहे ना? बाबांची स्कूटर आहे? तिला ब्रेक आहेत, साखळी किंवा केबल आहे, गंजही आहे. या रविवारी तिच्यापासून वही सुरू करा. आणि ब्रेकचा खटका आधी दाबून बघा!